पेटीतला पंच

खेळ आला की पंच आला आणि पंच आला की वाद आला. गिल्ली-दांडूपासून कसोटी क्रिकेटपर्यंत हे सगळीकडे सारखंच. पण ज्या पंचाला गाव नाही, नातेवाईक नाहीत, जो प्लॅस्टिकच्या एका पेटीत राहतो, त्याच्याशीही माणसं तासन्‌तास भांडतात, हे मी आमच्याच घरात पाहिलं आहे. कुटुंबाच्या पानावर व्हिडिओ गेमविषयी कुणी लिहीत नाही. भगिनींना तर तो पोरांचा वेळ खाणारा शत्रूच वाटतो. तरी लिहिते, कारण त्या पंचाचे भाऊबंद आता आपल्या सगळ्यांच्याच घरात शिरले आहेत.

आमचं माहेर आंबागड. तुमसर तालुक्यातलं, सातपुड्याच्या डोंगराला टेकलेलं गाव. बाहेरच्यांना ते किल्ल्यामुळे माहीत. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या काळात, १७०० च्या सुमारास, राजा खान पठाणाने तो किल्ला बांधला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. तिथल्या कैद्यांना विहिरीचं घाण पाणी पाजून मारत, असं जुनी माणसं सांगत. लहानपणी आम्ही किल्ल्यावर गेलो की बाबा ती विहीर दाखवत आणि म्हणत, "इथं अपील नव्हतं." बाबा चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत कामाला होते. युनियनच्या सभांना जाऊन जाऊन 'अपील' हा शब्द त्यांच्या तोंडी बसला होता.

घरात व्हिडिओ गेम यावा अशी परिस्थिती नव्हती. नागपूरच्या मामांच्या मुलांनी नवा संच घेतला, म्हणून जुना आमच्याकडे आला. एका कंट्रोलरचं बटण दाबलं की दबूनच राहायचं, ते नखाने वर काढावं लागे. त्या वर्षांत बाजारात सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांचे संच मिळत. जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या धर्तीवरचे ते सगळे. कार्ट्रिजवर मोठ्या आकड्यात ९९ खेळ लिहिलेलं असे. प्रत्यक्षात पाच-सहाच खेळ, बाकी त्यांचीच नावं बदलून पुन्हा पुन्हा. मारिओ आणि रणगाड्यांचा खेळ मोठी पोरं बळकावून बसत. माझा धाकटा भाऊ सगळ्यांत लहान. त्याच्या वाट्याला तो खेळ आला, जो कुणालाच समजत नव्हता: बेसबॉल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समोरून एक जण चेंडू फेकतो, दुसरा गोल बॅटने मारतो. फलंदाजाच्या पायाजवळ जमिनीवर १७ इंच रुंदीची पांढरी पाटी असते. चेंडू त्या पाटीवरून, गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली गेला आणि फलंदाजाने मारला नाही, तर पंच 'स्ट्राइक' म्हणतो. असे तीन झाले की फलंदाज बाद. चेंडू त्या हद्दीबाहेरून गेला आणि त्याने बॅट फिरवली नाही तर 'बॉल'. असे चार झाले की फलंदाजाला पहिला टप्पा फुकट. म्हणजे दर चेंडूला निवाडा. क्रिकेटचा पंच षटकभर शांत उभा राहू शकतो, बेसबॉलच्या पंचाला ती सोय नाही. आमच्या पडद्यावर तो फलंदाजाच्या मागे उभा असायचा, बोटभर उंचीचा. निकाल दिला की शब्द उमटायचे आणि पेटीतून एक चिरका आवाज यायचा.

आणि त्याचे निकाल! चेंडू उघडउघड पाटीच्या बाहेरून गेलेला दिसायचा आणि हा म्हणायचा स्ट्राइक. आमचा गडी टप्प्यावर पोचलेला दिसायचा आणि हा म्हणायचा बाद. कधी चेंडू मधूनच दिसेनासा व्हायचा आणि दिसायला लागायच्या आत निकाल लागलेला असायचा. पोरं टीव्हीला शिव्या द्यायची. शेजारचा एक मोठा मुलगा ठामपणे म्हणे, की कॉम्प्युटरचा पंच कॉम्प्युटरच्याच बाजूने निकाल देणार, मालकाच्या विरुद्ध नोकर कसा बोलेल? वस्तीतल्या पोरांना हे लगेच पटलं. असे पंच आम्ही सगळ्यांनीच पाहिले होते.

भावाला मात्र पटलं नाही. तो तेव्हा सातवीत असेल. त्याने गणिताच्या वहीची मागची पानं काढली आणि मला दुसरा कंट्रोलर घेऊन बसवलं. माझं काम एकच, बॅट हलवायची नाही. त्याने एकाच जागेवरून, एकच बटण दाबून वीस चेंडू फेकले आणि प्रत्येकाचा निकाल लिहिला. मग डावीकडे वळणारे वीस. मग उजवीकडे वळणारे वीस. मग बाजू बदलली, मी फेकणार आणि तो उभा राहणार. शेवटी कॉम्प्युटरच्या संघाविरुद्ध तेच. माय दोनदा रागावून गेली, मधे वीजही गेली. पण ते पान भरलं. डोळ्याला बाहेर दिसणारा तो वळता चेंडू वीसच्या वीस वेळा स्ट्राइक होता. माझ्या वेळीही, त्याच्या वेळीही आणि कॉम्प्युटरच्या वेळीही.

"बाई, हा पंच बदमाश नाही," भाऊ म्हणाला. "आंधरा आहे."

पुढे तो तुमसरला संगणकाचा कोर्स करून आला तेव्हा त्याने मला आंधळेपणाचं कारण समजावून सांगितलं. त्या यंत्राचं चित्र म्हणजे आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके, एवढंच जग. आपल्या टीव्हीवर ते चित्र सेकंदाला ५० वेळा नव्याने उमटतं. चेंडू सरकत नाही, एका चित्रातून दुसऱ्या चित्रात काही ठिपके उडी मारतो. दोन उड्यांच्या मधे काय झालं ते पंचाला ठाऊक नाही, कारण मधे काही झालेलंच नाही. आमच्या त्या खेळात चेंडू जोरात, हळू, डावीकडे किंवा उजवीकडे टाकता येई, वर-खाली नाही. म्हणजे गुडघा आणि छाती या गोष्टी पंचाच्या नियमात नव्हत्याच. ठरलेल्या क्षणी चेंडूचा आडवा आकडा पाटीच्या दोन आकड्यांच्या मधे आहे का, एवढंच तो बघणार. त्यानंतर चेंडू कितीही बाहेर गेला तरी त्याला घेणं-देणं नाही. आणि चेंडू अदृश्य का व्हायचा? एका आडव्या ओळीत ते यंत्र हलत्या चित्रांचे आठच तुकडे दाखवू शकतं. नववा आला की कुणीतरी पुसलं जातं. मैदानात गडी एका ओळीत आले की कधी एखाद्याचा पाय जायचा, कधी चेंडू. या सगळ्या कारभाराला स्मरणशक्ती होती दोन किलोबाइट. आजच्या साध्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा तेवढ्या जागेत मावणार नाही.

त्या वहीत आणखी एक नोंद होती, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. कॉम्प्युटरचा फलंदाज खरोखर बाहेर जाणाऱ्या चेंडूला सहसा बॅट लावत नसे. पण तो फसवा वळता चेंडू, जो आम्हाला बाहेर वाटे आणि पंच आत धरे, त्याला तो बरोबर मारायचा. आम्ही डोळ्यांनी चेंडू बघायचो. तो चेंडूचा आकडाच वाचायचा, जो पंच वाचायचा तोच. फलंदाज आणि पंच एकाच पेटीत राहत होते. पंचाने पक्षपात केला नाही, एकदाही नाही. तरी सामना बरोबरीचा नव्हता.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि त्यांनी त्यांच्या तरुणपणीच्या कबड्डीची गोष्ट काढली. ती आम्ही शंभरदा ऐकली होती, पण त्या दिवशी ती वेगळी लागली. बाजाराच्या एका गावात सामने असत. वस्तीच्या संघाला घेत, कारण संघ चांगला होता आणि गर्दी जमे. बाबा चढाईला जात. कबड्डीत सगळा खेळ स्पर्शाचा. चढाई करणाऱ्याने ज्याला हात लावला तो बाद. बाबा हात लावून परत येत आणि समोरचे गडी एका सुरात ओरडत, "शिवलाच नाही!" पंच त्यांच्याच आळीतला. तो म्हणे, नाही शिवला.

"गावात शिवला-शिवला म्हणून बोंबलत," बाबा म्हणत, "अन्‌ मैदानात शिवलाच नाही म्हणून बोंबलत. मंग मी शिवलो तरी कवा?"

तो पंच आंधळा नव्हता. त्याची नजर चांगली होती आणि बाबांचा हात कुठे लागला ते त्याने पाहिलं होतं. म्हणून भावाच्या वहीने मला त्या वयात एक प्रकारचा दिलासा दिला होता, हे खरं. जो पंच तुमचं आडनाव विचारत नाही, त्याच्या चुकीचा राग वेगळा असतो.

आपल्या मुलांना पळवणकर बाळूची गोष्ट माहीत असावी असं मला वाटतं. १९३७ च्या निवडणुकीत तो बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला, म्हणून आपल्याकडे त्याचं नाव घ्यायला माणसं कचरतात. ते राजकारण बाजूला ठेवून त्याचा खेळ बघावा. चर्मकार समाजातला हा डावखुरा गोलंदाज. पुण्यात त्याला चहा मिळे तो पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. यष्टी उडाली की उडाली, तिथे पंचाला काही करता येत नव्हतं. पण कप्तान कोण हे ठरवायला बसणाऱ्यांना सगळं करता येत होतं, आणि चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचं कप्तानपद बाळूला त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही. १९२३ मध्ये ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

अमेरिकेत बेसबॉलचंच घ्या. तिथल्या मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना विसाव्या शतकात बंदी होती. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने ती मोडली. हे नाव पुष्कळांना माहीत आहे. एमेट अ‍ॅशफर्डचं नाव कमी लोकांना माहीत असतं. तो त्या लीगमधला पहिला काळा पंच. त्याला संधी मिळाली १९६६ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, रॉबिन्सननंतर एकोणीस वर्षांनी. काळ्या माणसाने चेंडू मारला तर चालेल, पण त्याने बोट वर करून गोऱ्याला बाद म्हणायचं? तिथे एकोणीस वर्षं गेली. आपल्याकडे संविधान १९५० मध्ये लागू झालं आणि सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जातीचे पहिले न्यायमूर्ती, ए. वरदराजन, आले १९८० मध्ये. आपल्या अमरावतीचे भूषण गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले, तेव्हा आमच्या विहारात पेढे वाटले गेले. पेढे वाटणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींनी कोर्टाची पायरी कधी चढली नसेल.

माणसाच्या चुकीवर उपाय म्हणून यंत्र आलं. नोव्हेंबर १९९२ मध्ये दर्बानला सचिन तेंडुलकर टीव्हीतल्या चित्रावरून धावबाद ठरला, तिसऱ्या पंचाचा तो पहिला बळी. २ जून २०१० रोजी अमेरिकेत अर्मांडो गॅलारागा या गोलंदाजाने ओळीने २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावाही बाद झाला की त्याचं नाव कायमचं इतिहासात जाणार. तो बाद होताच, पण पंच जिम जॉईसने 'सेफ' म्हटलं. सामन्यानंतर चित्रफीत बघून त्याने आपण चुकलो असं जाहीर सांगितलं आणि गॅलारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी गॅलारागाच मैदानात त्याच्याकडे संघाची यादी घेऊन आला, तेव्हा त्या पंचाच्या डोळ्यांत पाणी होतं. निकाल काही बदलला नाही. आता तिथल्या मोठ्या लीगने स्ट्राइक आणि बॉलसाठी यंत्राची मदत घ्यायचं २०२५ मध्ये ठरवलं, २०२६ च्या हंगामापासून. पण त्यांनी पंच हटवला नाही. निकाल माणूसच देणार. प्रत्येक संघाला दोनदा आव्हान देता येणार, आव्हान बरोबर निघालं तर तो हक्क शिल्लक राहणार. आणि यंत्राला प्रत्येक खेळाडूची उंची मोजून दिलेली असते. उंच माणसाची हद्द वेगळी, बुटक्याची वेगळी. आमच्या पेटीतल्या पंचाला उंची ठाऊक नव्हती, हे वाचून मला भावाच्या वहीची आठवण झाली.

कारण नियमातच जी गोष्ट नाही, ती पंचाला कितीही ओरडून सांगा, त्याला ऐकूच येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेऊन आपली माणसं बौद्ध झाली. त्यांची गरिबी तीच होती, गावातली जागा तीच होती. पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या नियमात बौद्धांना जागाच नव्हती. राज्याने सवलती दिल्या, केंद्राच्या नोकरीच्या अर्जात मात्र आपण रकान्याबाहेर. तिथल्या कारकुनाशी भांडून काय होणार होतं? मोर्चे निघाले, निवेदनं गेली आणि १९९० मध्ये संसदेने नियम बदलला तेव्हाच ती जागा झाली. भावाच्या भाषेत, कार्ट्रिजच बदलावं लागलं.

आता तो तुमसरला लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. आमच्या मायचा अंगठा रेशनच्या यंत्रावर उमटत नाही. जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत रोवणे करून बोटांच्या रेघा पुसल्या आहेत. यंत्र म्हणतं, ही बाई ती बाई नाही. चाळीस वर्षं ओळखणारा दुकानदार समोर बसलेला असतो, तोही म्हणतो, "मले तर दिसते बाई, पण यालेच दिसत नाही, काय करू?" मग नातवाच्या मोबाइलवर आकडा येण्याची वाट बघायची.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज दोनदा परत आला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते त्या काळातली. तिच्यावर आपल्या किती घरांतली पहिली पदवी उभी आहे हे वाचकांना मी सांगायला नको. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि सावकाराकडे जायचं नाही असं मी ठरवलेलं. पडद्यावर कारण यायचं, नाव जुळत नाही. मुलगी रडकुंडीला आली. तिला वाटलं, कुणीतरी मुद्दाम करतंय. मलाही तसंच वाटत होतं. बाबांची लेक आहे मी.

भावाने मुलीला शेजारी बसवलं आणि एकेक कागद घेतला. आधार, दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, बँकेचं पुस्तक. प्रत्येकावरचं इंग्रजी नाव अक्षर-अक्षर सुटं करून वहीत एकाखाली एक लिहिलं. अर्ध्या तासात सापडलं. गुणपत्रिकेत आडनावात एक 'एच' जास्त होता. शाळेत कुणीतरी घातलेला, सहा वर्षं कुणाला न दिसलेला.

"मामाजी, मंग ते अक्षर आपण काढून टाकू," मुलगी म्हणाली.

"आपण नाही काढू शकत. ज्यानं घातला त्यानंच काढाव लागते. अन्‌ तोवर तारीख निघून जाईल."

दुसऱ्या दिवशी तिघं गेलो. कार्यालय कोणतं ते लिहीत नाही. खिडकीवरच्या माणसाने कागद न बघताच सांगितलं की सिस्टिम घेत नाही. मी वाद घालायला तोंड उघडणार तोच भावाने मला कोपर लावलं. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, सिस्टिम घेत नाही, एवढंच या अर्जावर लिहून द्या. सही अन्‌ तारीख टाका. आमी वर अपील करतो."

खिडकीतला माणूस थोडा वेळ आमच्याकडे बघत राहिला. मग त्याने चष्मा लावला आणि चारही कागद टेबलावर पसरले. आत फोन केला. आतून एक तरुण बाई आल्या, त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कागदांवरच्या फोटोंकडे पाहिलं, आणि एकाच माणसाचे कागद आहेत असा शेरा लिहून दुरुस्तीची खिडकी उघडून दिली. प्रतिज्ञापत्र जोडायला सांगितलं. कुणी पैसे मागितले नाहीत, हेही नोंदवायला हवं.

मुलगी परीक्षेला बसली. पहिला हप्ता खात्यात आला, दुसरा मी हे लिहिते आहे तोवर 'प्रक्रियेत' असं दिसतं. पोचपावतीचा क्रमांक आणि शेरा देणाऱ्या बाईंचं पद भावाने त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं आहे. दर सोमवारी तो उघडून बघतो.